अझोर्सचा तळ आणि गोव्याचा न्याय

आज १९ डिसेंबर. १९६१ साली याच दिवशी सायंकाळी पोर्तुगालचा गोव्यातील अखेरचा गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा याने भारतीय सेनेपुढे शस्त्रे ठेवली आणि साडेचारशे वर्षांचा परकी अंमल दोन दिवसांत संपुष्टात आला. पणजीत आज ध्वजवंदन होईल, भाषणे होतील, हुतात्म्यांच्या स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातील. मुंबईत मात्र हा दिवस दरवर्षी जसा मुकाट्याने उगवतो तसाच मुकाट्याने मावळेल. वास्तविक गोव्याच्या मुक्तीशी या शहराचे नाते थोडेथोडके नाही. गिरगावातील कितीतरी बिऱ्हाडांची कुलदैवते मंगेशीला आणि कवळ्याला आहेत. धोबीतलावच्या कुडांतून गोव्याच्या गावोगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटून अखेर याच शहराच्या आश्रयाला आले, १९५८ साली येथेच वारले, आणि त्यांचे अवशेष १९८६ साली येथूनच पणजीला नेण्यात आले.

परंतु आम्ही आज हा दिवस केवळ गौरवासाठी आठवीत नाही. १५ ऑगस्ट १९४७ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन तारखांमध्ये चौदा वर्षे चार महिने उभे आहेत. ब्रिटनसारखी जगड्व्याळ सत्ता गेली. फ्रान्सने १९५४ मध्ये पाँडिचेरीचा ताबा सोडला. मग युरोपातील अत्यंत दरिद्री देशांत ज्याची गणना होत असे, तो पोर्तुगाल कोणाच्या जोरावर चौदा वर्षे भारतास वाकुल्या दाखवीत बसला? सालाझारची हुकूमशाही, हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर गोव्यात नाही आणि लिस्बनमध्येही नाही. ते अटलांटिक महासागराच्या मध्यावर, अझोर्स नावाच्या बेटांवर आहे. ते उत्तर अजून शिळे झालेले नाही, म्हणूनच ही उजळणी.

अझोर्स हा नऊ बेटांचा पुंजका पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून सुमारे १,४०० किलोमीटर पश्चिमेस आहे. त्यातील तेर्सेरा बेटावर लाजेस नावाचा विमानतळ आहे. अमेरिकेतून युरोपकडे अगर पश्चिम आशियाकडे फौजफाटा न्यावयाचा, तर मध्ये इंधन भरण्यास याच्याइतकी सोयीची जागा नाही. १९४९ साली उत्तर अटलांटिक करार संघटना, म्हणजे नाटो, स्थापन झाली. स्वातंत्र्य आणि लोकशाही यांच्या रक्षणाची प्रतिज्ञा करणाऱ्या त्या संघटनेच्या बारा संस्थापकांत सालाझारची हुकूमशाही सन्मानाने बसली. ही विसंगती कोणास खुपली नाही, कारण पोर्तुगालकडे लोकशाही नसली तरी लाजेस होते. १९५१ साली अमेरिका आणि पोर्तुगाल यांच्यात तळाचा करार झाला. त्याच वर्षी सालाझारने आणखी एक काम उरकून घेतले. त्याने राज्यघटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले. वसाहत म्हटले की ती सोडण्याचा प्रश्न येतो. प्रांत म्हटले की प्रश्नच मिटतो! एका शब्दाने गुलामाचा नागरिक झाला, कागदावर.

आता १९५५ साल आठवा. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्यात शिरली. लाठीमार झाला, दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. १५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसाहून अधिक माणसे मेली. पनवेलचे हिरवे गुरुजी त्यांतलेच. मुलांना बाराखडी शिकविणाऱ्या त्या माणसाच्या हातात तिरंग्यावाचून दुसरे हत्यार नव्हते. दुसऱ्या दिवशी मुंबईने हरताळ पाळला. गिरण्यांचे भोंगे आणि दुकानांच्या फळ्या यांच्यापुरता तो शोक नव्हता. घराघरांतून चुली पेटल्या नाहीत, असे त्या पिढीचे लोक सांगत असत. आणि तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर आपल्याच राज्यकर्त्यांच्या पोलिसांनी गोळ्या चालविल्या. गोळीचा अर्थ काय असतो, हे त्या वर्षी मुंबईस कोणी शिकवावयास नको होते.

त्यानंतर अकराच दिवसांनी, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा यांनी वॉशिंग्टनमध्ये एक संयुक्त पत्रक काढले. त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज ‘प्रांतां’चा उल्लेख होता. चार दिवसांनी पत्रकारांनी छेडले तेव्हा डलेस यांनी माघार तर घेतली नाहीच, उलट आपल्या माहितीप्रमाणे सारे जग गोव्याला पोर्तुगालचा प्रांत समजते आणि सुमारे चारशे वर्षे तो तसाच आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले. सारे जग! त्या जगात भारत नव्हता, आशिया नव्हता, आणि ज्यांचा प्रश्न होता ते गोमंतकीय तर मुळीच नव्हते. ज्या देशाने १७७६ साली परक्या राजाचे जू झुगारून दिले, त्या देशाच्या मंत्र्याला चारशे वर्षांची गुलामगिरी हा गुलामगिरीचा पुरावा न वाटता मालकीचा पुरावा वाटला.

डलेस यांना भूगोल येत नव्हता काय? उत्तम येत होता. इतिहासही येत होता. परंतु त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्याच सुमारास बुल्गानिन आणि ख्रुश्चोव भारतात फिरत होते आणि गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू घेत होते. रशिया ज्याला काळे म्हणेल त्याला पांढरे म्हणणे, हे त्या काळच्या वॉशिंग्टनचे परराष्ट्रधोरण होते. दुसरी गोष्ट म्हणजे लाजेसचा विमानतळ. गोव्याच्या सहा लाख माणसांचे स्वातंत्र्य एका पारड्यात आणि एका बेटावरची धावपट्टी दुसऱ्या पारड्यात, असा तो सौदा होता. पारडे कोणीकडे झुकले ते आपण पाहिले. त्यात भारताविषयी द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. द्वेष असता तर तो केव्हा तरी निवळला असता. हिशेब निवळत नाही.

गंमत अशी की सरकार बदलले तरी हिशेब बदलला नाही. १९६० च्या डिसेंबरात राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या नऊ देशांत अमेरिका होती. १९६१ मध्ये तरुण अध्यक्ष केनेडी आले, आणि मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिले. आशिया-आफ्रिकेने टाळ्या वाजविल्या. पण अझोर्सचा करार १९६२ अखेर संपत होता, आणि लिस्बनने त्याची आठवण करून देण्यात कसूर केली नाही. वॉशिंग्टनची भाषा पुन्हा मवाळ होत गेली. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन उभे राहिले. स्टीव्हन्सन सुसंस्कृत गृहस्थ होते, भारताचे मित्र म्हणून ओळखले जात. त्यांनी भारताची कृती म्हणजे राष्ट्रसंघाच्या मृत्यूनाट्याचा पहिला अंक ठरू शकेल, असे भाकीत केले. भारताने सैन्य मागे घ्यावे, हा ठराव सात विरुद्ध चार मतांनी रशियाच्या नकाराधिकारामुळे अडला. भारताच्या बाजूने रशियाखेरीज उभे राहिले ते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. गुलामगिरी कशाशी खातात हे ठाऊक असलेले देश!

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अहिंसेचा जप करणाऱ्या भारताने शस्त्र उचलले, हे खरे नव्हे काय? खरे आहे. राष्ट्रसंघाच्या सनदेशी ते तंतोतंत जुळत नव्हते, असेही म्हणता येईल. परंतु भारताने १९४९ साली लिस्बनमध्ये वकिलात उघडली, १९५० साली वाटाघाटींची विनंती केली, ती धुडकावली गेली, आणि १९५३ साली वकिलात बंद करावी लागली. सत्याग्रह झाला, त्याला गोळ्यांचे उत्तर मिळाले. शांततेचा एकेक दरवाजा पोर्तुगाल लावून घेत होता, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून कोण उभे होते? ज्याने मित्राला वेळीच चार शब्द सुनावले असते तर एक गोळीही न झाडता गोवा मुक्त झाला असता, त्याने शेवटी उठून अहिंसेचे प्रवचन द्यावे, हे सनदेचे प्रेम नव्हे. शिवाय हेच स्टीव्हन्सन त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रसंघात विमानाचे छायाचित्र दाखवून क्यूबावरील हल्ल्यात अमेरिकेचा हात नसल्याचे सांगत होते. ती माहिती खोटी होती. त्यांच्याच सरकारने त्यांना फसविले होते. बे ऑफ पिग्जची स्वारी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उभी केली होती. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कारटे, हा न्याय आपल्याकडे घरोघर चालतो. जगाच्या चावडीवर तो सनदेच्या भाषेत सांगितला जातो, एवढाच फरक.

या हिशेबाची किंमत कोणी दिली? सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी दादरच्या सुधीर फडके यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे जिवाचे रान केले. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. ज्या देशाच्या तुरुंगात ते होते, तो देश त्या सबंध काळात ‘स्वतंत्र जगा’चा मान्यवर सदस्य होता. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाव येथील युद्धे १९७४ पर्यंत चालली. त्या वर्षी एप्रिलमध्ये खुद्द पोर्तुगीज सैनिकांनीच हुकूमशाही उलथून टाकली, आणि डिसेंबर संपता संपता नव्या पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे कराराने मान्य केले. जे ‘सारे जग’ डलेस यांना दिसत होते, त्यातून शेवटी पोर्तुगालही निघून गेला!

गोव्याचे प्रकरण हा एखाद्या मंत्र्याच्या जिभेचा घसरलेला शब्द असता, तर आम्ही आज एवढी शाई खर्चिली नसती. पण अझोर्स एकटे नव्हते. पेशावरजवळ बडाबेर येथे अमेरिकेने दुसरे अझोर्स उभारले होते. १ मे १९६० रोजी रशियावर टेहळणीस गेलेले आणि पाडले गेलेले यू-२ विमान पेशावरहूनच उडाले होते. त्या सोयीच्या मोबदल्यात १९५४ पासून पाकिस्तानास शस्त्रे मिळत गेली. ती भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे लेखी आश्वासन अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नेहरूंना दिले होते. १९६५ साली खेमकरणच्या शेतांत जळालेले पॅटन रणगाडे हे त्या आश्वासनाचे भाष्य होय.

१९७१ साली तर सारेच उघडे पडले. पूर्व बंगालमध्ये कत्तल चालली होती, सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले होते. डाक्क्यातील अमेरिकेचे स्वतःचेच वकील आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला सहकाऱ्यांसह निषेधाची तार वॉशिंग्टनला धाडली. परंतु निक्सन आणि किसिंजर यांना चीनच्या दाराशी जावयाचे होते आणि त्या दाराची किल्ली याह्याखानाच्या खिशात होती. जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहूनच गुपचूप पेकिंगला गेले. ब्लड यांची बदली झाली, आणि डिसेंबरमध्ये सातव्या आरमाराचे अणुशक्तीवर चालणारे ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागराकडे निघाले. त्या रात्री मुंबईत अंधार होता. गिरगावच्या चाळींतून, दादरच्या ब्लॉकांतून खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटविलेले होते, आणि रेडिओभोवती बसलेली माणसे एका लोकशाही राष्ट्राची युद्धनौका आपल्यावर का निघाली, याचे उत्तर शोधीत होती. उत्तर तेच होते. या वेळी तळ बेटावर नव्हता, तो एका लष्करशहाच्या मेहेरबानीत होता.

अन्नाचीही हीच गत. १९५६ पासून ‘पी.एल. ४८०’ कायद्याखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला. परळ-लालबागच्या रेशन दुकानांपुढच्या रांगा आणि पिशवीतून घरी आलेली तांबडी मिलो ज्यांनी पाहिली, ते लोक अजून आहेत. त्या धान्याने पोटे भरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. कॅन्ससच्या शेतकऱ्याशी आपले भांडण नाही. १९६६ च्या दुष्काळी वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आले नसते, तर काय झाले असते ते सांगवत नाही. पण त्याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची दोरी आपल्या हाती आखूड धरली होती. जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सुटत. दिल्लीने व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवा असे म्हटले की वॉशिंग्टनमध्ये कपाळावर आठ्या पडत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण अमेरिकेने आपल्याकडून शिकली असावी! भारताने त्यातून घेतलेला धडा मात्र उत्तम होता. त्याने टाळी वाजविली नाही, आपल्या शेतात नवे बियाणे पेरले.

लाजेसचा तळ पुढेही कामाला येत राहिला. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इस्रायलला शस्त्रे पोहोचविणारी अमेरिकन विमाने तेथेच इंधन भरीत. १६ मार्च २००३ रोजी त्याच लाजेसवर अध्यक्ष बुश, ब्रिटनचे ब्लेअर आणि स्पेनचे अझनार एकत्र जमले. यजमान पोर्तुगालचे पंतप्रधान बारोसो. चारच दिवसांनी इराकवर बॉम्ब पडू लागले. ज्या संहारक अस्त्रांसाठी म्हणून ते युद्ध झाले, ती अस्त्रे सापडली नाहीत. सापडली ती प्रेते. ज्या धावपट्टीसाठी एके काळी गोव्याचे स्वातंत्र्य तारण पडले होते, तिच्यावरून एका नव्या अन्यायाने उड्डाण केले. पोर्तुगाल तोवर लोकशाही झाला होता. तळ तळच राहिला.

वाचकहो, यात आम्हांस एक नियम दिसतो. ज्या राष्ट्राचे परदेशांत एक-दोन तळ असतात, ते तळांचा उपयोग धोरणासाठी करते. ज्याचे तळ अगणित होतात, त्याचे धोरणच तळांच्या उपयोगी पडू लागते. आज सुमारे ८० देशांत अमेरिकेची ७५० च्या आसपास लष्करी ठाणी आहेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२४ साली तिचा लष्करी खर्च ९९७ अब्ज डॉलर, म्हणजे साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या ३७ टक्के होता. एवढे अवाढव्य यंत्र उभे राहिले की ते चालू ठेवणे हेच एक कार्य होऊन बसते, आणि शत्रू नसला तर शोधावा लागतो. हे कोणा साम्यवाद्याचे म्हणणे नव्हे. लष्कर आणि शस्त्रांचे कारखाने यांच्या युतीपासून सावध राहा, हा इशारा १७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात दिला तो महायुद्धाचा सेनापती असलेल्या अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी. गोव्यावरील चर्चेच्या अकराच महिने आधी!

आम्ही अमेरिकेचे वैरी नाही. ज्या अमेरिकेने डलेस दिले तिनेच आर्चर ब्लड दिले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आपल्याच सरकारला खडसावणारे मार्टिन ल्यूथर किंग दिले. सरकारचे खोटेपण कागदोपत्री चव्हाट्यावर मांडणारे डॅनियल एल्सबर्ग दिले. निर्वासितांच्या छावण्या चिखलात उतरून पाहणारे सिनेटर एडवर्ड केनेडी दिले. आपल्या टीकेचे उत्तम दाखले आपणांस अमेरिकनांकडूनच मिळतात, ही त्या देशाची थोरवी आहे. तसेच दुसरी महासत्ता काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. रशियाने गोव्यासाठी वापरलेला नकाराधिकार फुकट नव्हता. १९५६ साली रशियन रणगाड्यांनी हंगेरी चिरडली तेव्हा राष्ट्रसंघात भारताने रशियाच्या गटाबरोबर मत दिले. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी तो तटस्थ राहिला. त्या वेळी बुडापेस्टच्या एखाद्या शिक्षकाला भारताविषयी जे वाटले असेल, तेच पनवेलच्या शिक्षकाच्या घरी अमेरिकेविषयी वाटले होते. अझोर्स प्रत्येकाचे असते.

आणि येथे आम्ही आमच्या वाचकांपाशी, म्हणजे आमच्याच घरापाशी येतो. दादर, गिरगाव, पार्ले येथील सुशिक्षित मध्यमवर्गाचे अझोर्स कोणते? अमेरिकन वकिलातीपुढे, पूर्वी ब्रीच कँडीला आणि २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात, कागदांची फाइल छातीशी धरून उभी राहणारी रांग ज्याने पाहिली त्याला उत्तर ठाऊक आहे. आमच्या प्रत्येक इमारतीतून एक तरी मूल तिकडे आहे. ते आपल्या बुद्धीवर तेथे गेले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु मुलाचा व्हिसा हा बापाच्या तोंडाला कुलूप केव्हा झाला? एके काळी व्हिएतनामवर वाद घालून चहा थंड करणारी आमची दिवाणखान्यातील बैठक आज गाझाचे नाव निघताच क्रिकेटकडे का वळते? मुलगा तिकडे आहे, उगाच कशाला, हे वाक्य आम्ही सर्वांनी ऐकले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर उच्चारलेही आहे.

देशाचे मौन हे शेवटी घराघरांतील मौनाची बेरीज असते. १२ जून २०२५ रोजी आमसभेत गाझातील तात्काळ युद्धबंदीचा ठराव १४९ विरुद्ध १२ मतांनी संमत झाला. १९ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता. सप्टेंबरात द्विराष्ट्र तोडग्याच्या बाजूने भारताने मत दिले, हे नमूद केले पाहिजे. पण जूनमध्ये मुलांच्या मृतदेहांची गणती चालू असताना गोव्याचा देश, सत्याग्रहाचा देश, ‘आम्हांस काही म्हणावयाचे नाही’ असे म्हणाला. १९५५ साली ज्या मौनाने आपण घायाळ झालो, तेच मौन आपण दुसऱ्यास दिले.

बरे, अशा सावधपणाने पदरात तरी काय पडले? फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून भारतीय माणसे हातकड्या घालून अमृतसरला उतरविली गेली. ऑगस्टमध्ये रशियन तेल घेतल्याचा दंड धरून भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेण्यात आली. सप्टेंबरात नव्या एच-१बी व्हिसासाठी १ लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाले. हिशेब करणाऱ्याशी भिडस्तपणाने वागून हिशेब सुटत नाही. त्याला फक्त एवढेच कळते की या गिऱ्हाइकाकडून आणखी काढता येईल.

उलट उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. २००३ साली अमेरिकेने इराकमध्ये भारतीय फौज पाठविण्याची मागणी केली. दिल्लीत वाजपेयींचे सरकार होते. अमेरिकेशी मैत्री वाढविण्याची त्याची इच्छा लपलेली नव्हती. तरीही ८ एप्रिलला लोकसभेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला, आणि जुलैमध्ये सरकारने राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाविना फौज पाठविण्यास नकार दिला. आकाश कोसळले काय? पाचच वर्षांत त्याच अमेरिकेने भारताशी अणुकरार केला. नाही म्हणणाऱ्याचा मान राहतो, हे त्या नकाराने सिद्ध केले. ज्यांनी तेव्हा होय म्हटले, त्या देशांचे सैनिक मात्र शवपेट्यांतून परतले.

म्हणून या मुक्तिदिनी आम्ही दोन गोष्टी मागतो. पहिली सरकारकडे. राष्ट्रसंघात भारत जे मत देतो, आणि विशेषतः जेथे तो तटस्थ राहतो, त्याचे कारण संसदेपुढे स्वच्छ शब्दांत मांडले जावे. तटस्थता हे धोरण असू शकते, पण ते न सांगता येण्याजोगे असेल तर ते धोरण नव्हे, ती भीड होय. दुसरी गोष्ट आम्ही स्वतःकडे आणि वाचकांकडे मागतो. अमेरिकेशी व्यापार करावा, तिच्या विद्यापीठांत शिकावे, तिच्या चांगल्या माणसांशी स्नेह ठेवावा. परंतु दूरच्या एखाद्या गावात गोळी चालेल तेव्हा, ती कोणाची आहे आणि आपले त्याच्याशी काय घेणे आहे हे पाहून आपला राग मोजू नये.

हिरवे गुरुजी गोव्याच्या सीमेवर पडले तेव्हा जगातील एका बलाढ्य राष्ट्राने आपल्या धावपट्टीकडे पाहिले आणि मान फिरविली. आपण त्या राष्ट्राला अजून विसरलो नाही. आपल्यालाही कोणी तरी तसेच लक्षात ठेवीत असेल, एवढे भान राहिले तरी आजचा दिवस साजरा केल्यासारखा होईल.